कोरडा पंप

समस्त गल्लीकरांना, पै-पाहुण्यांना, तसेच ज्यांचा या विषयाशी काडीचाही संबंध नाही अशा सर्व मान्यवरांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या राहत्या घरातील पत्र्याच्या कूलरचे गवत काल, धुळवडीनंतरच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी ठीक साडेदहा वाजता बदलण्यात आले आहे. समारंभास अध्यक्ष म्हणून मी, प्रमुख पाहुणे म्हणून कूलर मिस्त्री शब्बीरभाई आणि श्रोतृवर्ग म्हणून समोरच्या शांताकाकूंची मांजर उपस्थित होती. जुन्या गवताच्या अंत्यविधीनंतर चहापान झाले. मांजरीने चहा घेतला नाही.

हसू नका. थंड हवेच्या गावच्या माणसाला यात गंभीर काय आहे ते कळायचं नाही. लातुरात वर्षाचे दोनच भाग असतात, कूलर झाकलेला आणि कूलर उघडलेला. होळीची राख थंड झाली की गावभर जुन्या साड्या आणि विटक्या चादरी सोडल्या जातात आणि आतून पत्र्याची चौकोनी धुडं डोळे चोळत बाहेर येतात. गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ठाकठूक सुरू होते. कुणी टाकीच्या गंजलेल्या बुडाला डांबर लावतं, कुणी पंख्याला तेलाचे चार थेंब पाजतं. आमच्या कूलरमधून काल निघालेला ऐवज असा: कुंभारमाशीची मातीची दोन घरं, पालीचं एक अंडं आणि सातवी ब ची एक उत्तरपत्रिका, जिचे गुण मी गेल्या वर्षी केवळ अंतःप्रेरणेने दिले होते.

जुनं गवत जाळीतून ओढून काढताना शब्बीरभाई थांबले. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतका की जूनपर्यंत कूलरचं गवत कुरडईसारखं पांढरं आणि कडक होतं. शब्बीरभाईंनी एक झुबका हातात घेतला, उन्हात धरला, बोटांनी मोडून पाहिला.

"सर, ह्याच्यावर अर्धाच क्षार हाय," ते म्हणाले. "निम्मा उन्हाळा पाणी, निम्मा उन्हाळा कोरडा. अशी तऱ्हा मी उभ्या जिंदगीत बघितली न्हाई."

"तुम्हीच तर लावून दिला होता कोरडा," मी म्हणालो.

"त्ये तर हायच म्हणा." ते गालात हसले. मग हळूच म्हणाले, "यंदा पाणी टाकायचं?"

"यंदा टाकायचं."

त्यांनी मान हलवली आणि पुढं काही विचारलं नाही. खोडाच्या वेढ्यांवरून जाणता माणूस झाडाचं वय सांगतो म्हणतात. शब्बीरभाई गवतावरून घराचा उन्हाळा सांगतात. त्या अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या पिवळ्या झुबक्यात माझा गेल्या वर्षीचा उन्हाळा पूर्ण लिहिलेला होता.

तर तो उन्हाळा.

विजू, म्हणजे माझी बायको, त्याआधीच्या दिवाळीनंतर आठ दिवसांसाठी म्हणून नांदेडला गेली होती. तिची आई न्हाणीत पाय घसरून पडली होती. सासूबाईंना मी मामी म्हणतो. मामींना विजूशिवाय दुसरं कुणी नाही. आठ दिवसांचा महिना झाला, महिन्याची संक्रांत झाली, संक्रांतीची होळी झाली. मामींचं हाड जुळलं, त्या काठी टेकत चालूही लागल्या, पण बोलणं मात्र थांबलं. डॉक्टरांनी जीभ पाहिली, घसा पाहिला, डोक्याचे फोटो काढले आणि सांगितलं, सगळं जागेवर आहे, वाटेल तेव्हा बोलतील. मामींना काही वाटेना. देवणीकडच्या माहेराची, शेतात या बांधावरून त्या बांधावर बोलायची सवय असलेली बाई, आता पाणी हवं असलं तरी नुसतं तांब्याकडं बघायची.

लेक हैदराबादला नोकरीला. माझी शाळा लातूरला, निवृत्तीला चार वर्षं बाकी. तेव्हा घरात उरलो मी आणि कूलर. दोघंही वयानं पोक्त, दोघांचाही आवाज मोठा, आणि दोघांनाही आतून थोडा गंज चढलेला.

उन्हाळ्यात आमची शाळा सकाळची. बाराला घरी यायचो. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ झालेलं, आत घर चुलीवरच्या तव्यासारखं. दुपारी बारा ते पाच हा काळ एकट्या माणसासाठी कुणी काढला असेल, त्याला मी एकदा भेटणार आहे. कूलरसमोर गादी टाकून पडायचो. एरवी या गादीवरून आमची वीस वर्षं भांडणं. झोत कुणाकडं? मी बुटक्या खिडकीतल्या कूलरच्या पट्ट्या हळूच माझ्याकडं वळवायचो, विजू झोपेत असल्याचं सोंग घेऊन पायानं त्या परत तिच्याकडं वळवायची. आता सगळा झोत माझा. लातूरच्या एप्रिलमध्ये एवढी दौलत कुणाकडं नसेल. आणि मी मात्र रोज गादीच्या कडेलाच झोपायचो, जिथं झोताचा नुसता पदर लागतो.

पण खरी गंमत पाणी भरण्यात. कूलर भरणं हे दोन माणसांचं काम आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. नळ मागच्या अंगणात, कूलर पुढच्या खिडकीबाहेर लोखंडी घोड्यावर. मधे घर. एकानं नळाशी उभं राहायचं, दुसऱ्यानं टाकीत पाइप धरून बसायचं आणि पाणी काठाला आलं की ओरडायचं, "झालं!" मग नळाकडचा म्हणणार, "काय?" मग पुन्हा, "झालं म्हणते ना!" आमच्या संसारात सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द हाच असावा. आता मी नळ सोडायचो, घराला वळसा घालून पुढं पळायचो, टाकीत डोकावायचो, पाणी अर्ध्यावर. परत मागं जाऊन उभा राहायचो. परत पुढं. तेवढ्यात टाकी भरून पाणी गल्लीत. मी सवयीनं ओरडायचो, "झालं!" आणि मग माझ्याच आज्ञेनं मीच मागं धावायचो. नाटकात एकाच नटानं दोन पात्रं करावीत तसा हा प्रयोग रोज दुपारी साडेबाराला.

एकदा शांताकाकूंनी ओट्यावरून विचारलं, "सर, कुणाला हाका मारून राहिले? ताई आल्या का?"

"न्हाई काकू," मी म्हणालो, "मीच हाय."

"मग बरोबर हाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. काय बरोबर होतं ते मी आजतागायत शोधतो आहे.

गल्लीत पाणी सांडणं ही आमच्या गावात साधी चूक नाही. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो ज्यांनी पाहिला त्यांच्या कानांना अजून पाण्याचा आवाज आधी ऐकू येतो, माणसाचा नंतर. त्या वर्षी कूलरला पाणी घालणं म्हणजे पाप होतं. विजूनं पंपाच्या खटक्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. तरी आम्ही कूलर चालवायचो, कोरडाच, नुसता पंखा. समोरून भट्टीसारखी गरम हवा, पण तो गरगराट नसला की कुणाला झोप येईना. लेक तेव्हा दहावीत होती. एकदा तिनं विचारलं, "बाबा, गरम हवा गरमच लागते, मग हा चालू कशाला?" मी तोंड उघडायच्या आत विजू म्हणाली, "घर चालू आहे असं वाटतं." मी ते तेव्हा हसण्यावारी नेलं.

तर गेल्या उन्हाळ्यात पळापळीचा कंटाळा येऊन मी टाकी अर्धीच भरायला लागलो. अर्धी टाकी दुपारी तीनला संपते. हे मला नांदेडहून कळलं.

दुपारी दोनला विजूचा फोन यायचा. मामींना जेवू घालून ती बाहेरच्या खोलीत येऊन पडायची. नांदेडच्या घरातही पत्र्याचाच कूलर, आमच्याहून जुना, खर्जात गाणारा. मामींच्या छातीला कूलरची ओल सोसत नव्हती, खोकल्याची उबळ आली की थांबायची नाही. म्हणून कूलर बाहेरच्या खोलीत आणि मामी आतल्या खोलीत. आवाज तेवढा त्यांच्यापर्यंत जायचा, गारवा नाही. फोनवर आम्ही काय बोलणार? जेवलात का? जेवलो. काय केलं होतं? पिठलं. कालही पिठलंच केलं होतं ना? हो. आई बोलली का काही? नाही. मग बोलणं संपायचं. पण फोन कुणीच ठेवायचं नाही. ती तिकडं पडलेली, मी इकडं पडलेलो, फोन उशाशी चालू. माझ्या कानात नांदेडचा कूलर, तिच्या कानात लातूरचा. मधे अहमदपूर, लोहा, साडेतीन तासांची एसटी आणि रखरखीत ऊन. चाळीस-चाळीस मिनिटं आम्ही असे एकमेकांचे कूलर ऐकत पडायचो. माणसं प्रेमात याहून वेडगळ गोष्टी करतात, पण त्या वीस-बाविसाव्या वर्षी.

एका दुपारी मला डुलकी लागली होती. उशीतून एकदम आवाज आला.

"अहो! उठा! पंप कोरडा चाललाय."

मी दचकून उठलो. "तुला कसं कळलं?"

"टाकीत पाणी असलं की आवाज भरून येतो. आता बघा, किरकिर करून राहिला. जळेल. उठा आधी."

टाकीत खरंच थेंब नव्हता.

हा कान तिचा नव्हे, तिच्या आईचा. मामींच्या घरी पहिल्यांदा कूलर आला त्याच महिन्यात कुणाच्या तरी विसरभोळेपणानं पंप कोरडा चालला आणि जळला. त्या दिवसापासून मामींनी पंपाची राखण आपल्याकडं घेतली. ओट्यावर बसून शेंगा फोडता फोडता त्या तीन घरं पलीकडचा कोरडा पंप ओळखायच्या आणि तिथूनच गर्जना करायच्या, "कुणाचा पंप बोंबलतोय गं? टाकीत बघा!" लोक आधी टाकीत पाणी ओतायचे, मग वाद घालायचे. वाद घालण्यात अर्थ नसायचा, कारण मामींचा अंदाज कधी चुकल्याचं कुणाला आठवत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी जावई म्हणून रुबाबात सोफ्यावर बसलो असताना आतून मला ऐकू आलं होतं, "जावयाला सांग, नुसती हवा खाऊ नका, टाकीत बी बघत जावा." तेव्हापासून मी मामींना थोडा घाबरून होतो. आता त्या गप्प होत्या, आणि मला त्याची जास्त भीती वाटायला लागली होती.

एप्रिलच्या मध्यावर विजू फोनवर रडली. ती रडणारी बाई नाही. "आतल्या खोलीत आई भाजून निघून राहिली," ती म्हणाली. "कूलर जवळ आणला की खोकते. लांब नेला की तापते. मी काय करू?"

"इकडं या दोघी," मी म्हणालो.

"तिकडं काय वेगळं आहे? तुमचाही कूलरच."

मी फोन ठेवला आणि नाटकातल्या राजासारखा हुकूम सोडला: एसी आणवा! हुकूम ऐकायला घरात कुणीच नव्हतं, म्हणून चप्पल घालून मीच निघालो.

माझा डाव सरळ होता. एसीची हवा कोरडी. मामींना खोकला नाही. मामी लातूरला. मामींच्या मागोमाग विजू लातूरला. माणसं बायकोला परत आणायला फुलं घेऊन जातात, दागिने घेऊन जातात. मी दीड टनाचं यंत्र भिंतीवर टांगत होतो.

शब्बीरभाई आता एसीही बसवतात. "कूलरवर घर चालत न्हाई सर, जमान्याबरोबर जावं लागतंय," असं म्हणत त्यांनी माझ्या घराची नाडी तपासली आणि डोक्याला हात लावला. वायर माझ्या लग्नाच्या वेळची. तिच्यावर एसी लावला तर आधी वायर गार होईल म्हणे, कायमची. मग मीटरपासून नवी जाड वायर, नवा खटका, भिंतीला आरपार भोक, बाहेरचं यंत्र गच्चीवर, त्याची पाण्याची नळी अंगणातल्या तुळशीपर्यंत. तीन दिवस घरभर विटेची लाल धूळ. मी त्या धुळीत सुखी होतो, कारण घरात माणसांचा आवाज होता. शेवटच्या दिवशी शब्बीरभाईंनी झरोक्यात थर्मोकोल ठोकलं, दाराखाली रबराची पट्टी मारली, खिडकी बंद करून तिच्या फटी बुजवल्या आणि कूलर उचलून जिन्याखाली नेला.

"आता ध्यानात ठेवा सर," ते हात पुसत म्हणाले. "कूलरला दार उघडं लागतंय, एसीला बंद. हेच्यात गफलत केली तर वीज फुकट जाईल."

मला ते वाक्य फार लागलं, पण त्यांच्यासमोर मी नुसता मोठ्यानं हसलो. खरंच की. कूलर बाहेरची हवा आत ओढतो, ती निघून जायला समोरचं दार उघडं ठेवावंच लागतं. म्हणून लातुरात भर दुपारी दारं उघडी असतात आणि उघड्या दारातून कोण कोण येतं! शांताकाकू विरजण मागायला येतात, मांजर येते, चुकलेला पाहुणा पत्ता विचारायला येतो आणि अर्धा तास झोत खाऊन जातो. एसी लागला आणि माझं दार बंद झालं. पहिल्या दोन दिवसांत दूधवाला बाहेरून हाका मारून परत गेला. तिसऱ्या दिवशी शांताकाकू म्हणाल्या, "आम्हाला वाटलं तुम्ही बी नांदेडला गेलाव." मी आत होतो, चोवीस अंशांवर, पांघरूण घेऊन. इतका गार आणि इतका एकटा मी आयुष्यात कधी नव्हतो.

एसी लागला त्या पहिल्याच दुपारी दोनला विजूचा फोन आला होता. मी काही सांगितलं नाही, तिला चकित करायचं होतं.

"हॅलो? कुठं आहात?"

"घरीच."

"खोटं नका बोलू."

"अगं, घरीच आहे."

ती बारीक आवाजात म्हणाली, "मग घर का ऐकू येत नाही?"

तेव्हा मला सगळं सांगावं लागलं. ती म्हणाली, "एवढं सगळं केलंत? न विचारता?" आणि पुढच्या शुक्रवारी जीप करून मामींना घेऊन आली.

मामी घरात आल्या. मी स्वागताचं भाषण तयार ठेवलं होतं. त्यातली पहिली दोन वाक्यं मी म्हटलीही. मामींनी माझ्याकडं पाहिलं, यंत्राकडं पाहिलं, पलंगावर बसल्या आणि भिंतीकडं तोंड केलं. खोकला नव्हता. खोली गार होती. विजूनं डोळे मिटून थंड भिंतीला गाल लावला. मी मनातल्या मनात पडदा पाडून टाळ्याही घेतल्या.

पण मामी झोपेनात. त्या बंद, गार, मुक्या खोलीत डोळे उघडे ठेवून पडायच्या. दिवस आहे की रात्र ते त्यांना कळत नसावं, कारण सारख्या दाराकडं बघायच्या. जेवण अर्ध्यावर आलं. चौथ्या दुपारी विजूनं मला खूण करून बोलावलं. मामी उठून बसल्या होत्या. त्यांनी आपली तपकिरीची डबी उशाखालून काढली, हळूहळू पुसली आणि पलंगाखालच्या प्रवासाच्या पिशवीत ठेवली. विजूनं ती परत काढून उशाशी ठेवली. पाचव्या दुपारी डबी पुन्हा पिशवीत. सहाव्या दुपारी चष्म्याची पेटीही पिशवीत.

"तिला नाही करमत इथं," विजू स्वयंपाकघरात मला म्हणाली. "रविवारी सकाळच्या गाडीनं परत जाते. अहो, असं बघू नका माझ्याकडं. मला काय हौस आहे?"

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्याचं पावसाळ्यात."

म्हणजे पुन्हा बाराचं कुलूप, पुन्हा पिठलं, पुन्हा गादीची कड. आणि या खेपेला फोनमध्ये ऐकायला कूलरही नाही.

इथं थोडं थांबतो. नाटकवाल्यानं शेवट आधी सांगू नये हा नियम मला ठाऊक आहे, मी तो मुलांना दर स्नेहसंमेलनात शिकवतो. पण हे नाटक नाही आणि मला तुमच्यापासून काही लपवायचं नाही. त्या रविवारी सकाळची गाडी मामींना आणि विजूला न घेताच गेली. पिशव्या माळ्यावर गेल्या. मामी आमच्याकडं नऊ महिने राहिल्या. बोलल्या थोडंच, पण बोलल्या, त्यातलं बरंचसं मला उद्देशून आणि माझ्या अब्रूला धक्का लावणारं. या माघात एका सकाळी त्या झोपेतच गेल्या. यंदा कूलरमध्ये पाणी भरायला हरकत घेणारी छाती घरात नाही, हे शब्बीरभाईंना मी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते न विचारता ओळखलं.

विजू आता घरी आहे. टाकीशी ती, नळाशी मी. कालच नव्या गवतावर पहिलं पाणी सोडलं. ओल्या लाकडाचा तो पहिला वास घरभर झाला. ती "झालं!" म्हणाली, मी "काय?" म्हणालो. पण पुन्हा "झालं म्हणते ना" आलं नाही. मी पुढं जाऊन पाहिलं तर ती टाकीच्या काठावर हात ठेवून, मान तिरकी करून पंपाचा आवाज ऐकत उभी होती. मी नळ बंद केला आणि तिला तिथंच राहू दिलं. एका घरात दोन माणसं असली म्हणजे एकटेपणा संपतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी कूलर भरून पाहावा.

आता त्या रविवारच्या आधीच्या शनिवाराकडं परत येतो.

शाळा सुटून बाराला आलो. मामी पलंगावर भिंतीकडं तोंड करून, पायाशी बांधलेली पिशवी. विजू उद्याच्या प्रवासासाठी दशम्या करत होती. तेवढ्यात पलीकडच्या घरात कुणीतरी कूलर लावला. भिंतीतून, थर्मोकोलमधून, रबराच्या पट्टीतून गाळून त्याची बारीकशी घरघर आत आली. आणि मामींनी मान वळवली. आठ दिवसांत पहिल्यांदा त्या दाराकडं न बघता आवाजाच्या दिशेनं बघत होत्या. कान देऊन. चेहरा ओळखीच्या माणसाची वाट बघणाऱ्यासारखा.

वीज चमकावी तसं मला लेकीचं दहावीचं वर्ष आठवलं, चिकटपट्टी लावलेला खटका आठवला, आणि विजूचं ते वाक्य. मामींना आमच्या घराचा गारवा नको होता असं नाही. त्यांना आमचं घर ऐकूच येत नव्हतं.

मी शब्बीरभाईंना फोन केला. अर्ध्या तासात ते हजर. आम्ही दोघांनी जिन्याखालून कूलर ओढून बाहेरच्या खोलीत आणला आणि मामींच्या खोलीचं दार उघडून उंबऱ्याशी उभा केला. शब्बीरभाईंनी चालू एसीकडं पाहिलं, उघड्या दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"सर, एसी चालू, दार उघडं, अन् समोर कूलर. हे म्हंजे स्वेटर घालून बर्फाचा गोळा खायचं काम झालं."

"आवाजासाठी लावायचाय शब्बीरभाई. नुसता आवाज. पाणी नको, ओल नको."

त्यांनी मामींकडं पाहिलं आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली. "आमच्या अम्मीला बी असंच व्हतं," ते म्हणाले. "शिलाई मशीन चालू असली तरच झोपायची." मग कूलरची वायर लावत त्यांनी मला बजावलं, "पर ध्यान ठेवा. दोन खटके हायत. पंख्याचाच दाबायचा. पंपाला हात लावू नका, टाकीत थेंब न्हाई."

"मला शिकवता का?" मी म्हणालो. "तीस वर्षं हा कूलर चालवतोय."

तीस वर्षं चालवत होतो हीच अडचण होती. दोन खटके शेजारी-शेजारी, दोन बोटं एकत्र, एकच टक्. हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. माझं सगळं लक्ष मामींच्या चेहऱ्यावर. पंखा खडखडला, धूळ उडाली, मग तो गरगराट घरभर भरला, तोच जुना, बेसूर, खिडक्यांच्या काचा हलवणारा. मामींचे डोळे मोठे झाले. मी हात जोडून रंगमंचावरच्यासारखा उभा. विजू पिठाच्या हातांनी दारात आली. गरगराटाच्या खालून काहीतरी किरकिर करत होतं, ते मला ऐकू आलं नाही. विजूला आलं. तिनं तोंड उघडलं, "अहो..."

पण त्याआधीच पलंगावरून, पाच महिने बंद पडलेल्या आवाजात, फाटका, खरखरीत, पण पार गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा ओरडा आला:

"विजे! अगं, टाकीत थेंब न्हाई अन् जावई पंप लावून उभे हायत! असल्या माणसाला एकटं ठेवतेत का गं घरात?"